पाचच्या रेघेपर्यंत

घोटे जुळवून उभी राहिले की माझ्या दोन गुडघ्यांमध्ये चार बोटं बसतात. आडवी, अंगठा सोडून. लहानपणी ही माझी करामत होती. शाळेत मुली माझ्या गुडघ्यांमधून वही आरपार घालून दाखवायच्या आणि मी पण हसायची. हे आजाराचं लक्षण आहे हे कळायला मला एकतीस वर्षं लागली. कळलं त्या दिवसापासून मी घाबरट झाले. आधीही काही फार शूर नव्हते, पाल दिसली तरी मी पलंगावर चढते. पण ही भीती वेगळी. सकाळी ती माझ्याआधी उठून बसलेली असते.

कुणाच्या तरी हातात कधीतरी असाच एक कागद पडेल, ज्यावरचं आजाराचं नाव धड वाचता येत नाही. त्या माणसासाठी हे लिहिते आहे. औषधांचं डॉक्टर सांगतीलच. आमच्याकडून काय चुकलं, तेवढं मी सांगते.

*

माझं माहेर तारापूरच्या बाजूला, समुद्राला लागून. घरची होडी. बाबांचे पाय माझ्यासारखेच, किंबहुना माझ्यापेक्षा जास्त वाकलेले. पण आमच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. होडीवर उभं राहून राहून पाय असेच होतात, असं सगळे म्हणत आणि बाबाही म्हणत. "सरळ पायवाला लाटेत पडतो, मी नाय पडत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा भाऊ नरेश त्याच होडीवर लहानाचा मोठा झाला आणि त्याचे पाय बांबूसारखे सरळ आहेत. मी तर होडीवर कधी कामाला गेलेच नाही, तरी माझे वाकडे. हे कोडं आमच्या घरात तीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं आणि एकालाही ते दिसलं नाही. आता आठवलं की मला आमच्या सगळ्यांचंच नवल वाटतं.

मी शिकले, पालघरजवळ कोळगावच्या जिल्हा कार्यालयात कारकून म्हणून लागले. नवरा संतोष मूळचा साताऱ्याकडचा, बोईसरच्या एका कारखान्यात ऑपरेटर. आम्ही बोईसरला भाड्याच्या घरात राहतो. ओवी झाल्यावर तिला कोण सांभाळणार हा प्रश्न आला, तेव्हा बाबा म्हणाले, "मी हाय ना." आई तोवर गेली होती, होडी नरेशच्या हातात दिली होती. रोज सकाळच्या एसटीनं बाबा मासळीचा डबा घेऊन यायचे आणि मी परत येईपर्यंत ओवीला सांभाळायचे. कडेवर नात, खांद्यावर टॉवेल आणि दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा. सोसायटीत माझ्यापेक्षा त्यांच्या ओळखी जास्त झाल्या.

*

ओवी सहा-सात महिन्यांची असताना माझी डावी मांडी दुखायला लागली. आधी जिने चढताना, मग जिने उतरताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. कार्यालयात मी फायली खालीच मागवायला लागले. सहकारी म्हणायचे, मॅडम साहेब झाल्या. मीही हसून घ्यायची, कारण रडायला लागले असते तर थांबले नसते.

बोईसरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, ड जीवनसत्त्व कमी आहे, आठवड्याला एक पुडी दुधातून घ्या आणि उन्हात बसा. माहेरी गेले तेव्हा मावशी आणि शेजारणी बोंबील वाळत घालत होत्या. मी सांगितल्यावर तिथे जो हशा पिकला, तो अजून माझ्या कानात आहे.

"तुला ऊन कमी पडला?" मावशी म्हणाली. "आमाला इचारलं असतास तं आमी पाटीभर दिला असता."

मीही हसले. डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. ऊन आणि मासळी, दोन्हींत वाढलेल्या बाईला हे का कमी पडावं, असं एकदा तरी विचारायला हवं होतं. पुड्या घेतल्या. तीन महिने झाले, मांडी होती तशीच.

मग बाबांनी बाटली आणली. मुशीच्या काळजाचं, म्हणजे शार्कच्या यकृताचं, तेल. आमच्याकडे ते घरीच कढवतात. होडीच्या लाकडाला पाजायला वापरतात आणि पोर अशक्त असलं तर चमचाभर पोरालाही. त्याचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. बाबा म्हणाले, "लाकूड पन घट्ट होतं याच्यानी, तुजी हाडं नाय होनार?"

चार दिवस मी नाक दाबून घेतलं. पाचव्या दिवशी पोटात ढवळलं आणि मी चमचा बेसिनात ओतला. त्यानंतर रोजच ओतायची. बाबा रोज विचारायचे, "फरक हाय?" त्यांचा चेहरा इतका आशेनं भरलेला असायचा की मला नाही म्हणवत नसे. "हाय बाबा, बराच फरक हाय," मी सांगायची आणि लंगडणं लपवत बसस्टॉपकडे चालायची.

या सगळ्यातली सर्वांत मोठी चूक ही. डॉक्टरांची नाही, बाबांची नाही. माझी.

*

दुखणं इतकं वाढलं की संतोषनं रजा टाकली आणि मला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फोटो पाहिला. मांडीच्या हाडात एक बारीक चीर होती, केसासारखी. मॅडम चिरीकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होत्या.

"लहानपणापासून असेच आहेत?"

"हो. वडिलांचे पण."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फॉस्फरस कधी तपासलाय?"

तो कधीच कुणी तपासला नव्हता. तपासल्यावर फारच कमी निघाला. मॅडमनी समजावून सांगितलं: हा मुडदूसच, पण घराण्यातून येणारा. शरीर फॉस्फरस धरून ठेवत नाही, लघवीवाटे सोडून देतं, म्हणून हाडं मऊ राहतात. नुसतं ड जीवनसत्त्व कितीही घेतलं तरी तो हटत नाही. मग त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. बाबांचा चौकोन काळा केला, माझा गोल काळा केला, नरेशचा चौकोन पांढराच ठेवला. बापाला असेल तर सगळ्या मुलींना येतं, मुलग्यांना येत नाही, असं त्या म्हणाल्या. तीस वर्षांचं कोडं अर्ध्या मिनिटात सुटलं.

मला वाटलं, चला, नाव तरी कळलं. मी चक्क हलकी झाले. तेवढ्यात त्यांनी माझ्या गोलाखाली एक रेघ ओढली आणि विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगी. चौदा महिन्यांची."

त्यांनी खाली एक गोल काढला आणि तो रिकामा ठेवला. आईला असेल तर मुलगा असो की मुलगी, येण्याची शक्यता निम्मी, त्या म्हणाल्या. "तिचे पाय नीट बघितलेत?"

ओवी नुकती धरून धरून चालायला लागली होती. तिच्या पायांच्या मी शंभर वेळा पाप्या घेतल्या होत्या, पण नीट बघितले नव्हते. संतोषनं तो कागद उचलून खिशात घातला, मग काढला, मग परत घातला.

*

त्या रुग्णालयात अशा घराण्यांवर संशोधन चालू होतं. मॅडमनी सगळ्यांचं रक्त मागितलं. बाबा आणि नरेश पुढच्याच आठवड्यात आले. बाबा मुंबईला येताना पांढरी पँट घालून आले होते. रक्त घेणाऱ्या तरुण डॉक्टरनं पाय बघायला मागितले तेव्हा बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि त्याला होडीचं सांगायला लागले, लाट, तोल, सरळ पायवाला कसा पडतो. डॉक्टर शांतपणे ऐकून घेत होता. त्यानं एकदाही मध्येच तोडलं नाही, याबद्दल मी त्याची आजन्म आभारी आहे.

ओवीच्या हातात सुई गेली आणि ती किंचाळली तेव्हा बाबा म्हणाले, "माजं रगत घ्या. पायजे तेवडं घ्या. तिचं कशाला घेता?"

अहवालाला तीन आठवडे लागणार होते. त्या दिवसांत मी एकच काम केलं. रोज आंघोळीनंतर ओवीला पाटावर उभी करायची, घोटे जुळवायची आणि गुडघ्यांमध्ये बोटं घालून बघायची. एक दिवस दोन बोटं बसायची, दुसऱ्या दिवशी तीन. ती वळवळायची, मी ओरडायची, मग दोघी रडायचो. संतोष म्हणाला, "अगं, रोज मोजून पाय सरळ व्हणार हाईत का?" बरोबर होतं त्याचं. तरी मी दुसऱ्या दिवशी मोजलंच.

त्यातच ओवी आजारी पडली. आधी खाणं सोडलं. मग उलट्या. शी होईना. पाणी मात्र सारखं मागायची आणि दुपटी भिजवत राहायची. एरवी घरभर रांगणारी, धरून चालणारी पोरगी, भिंतीला टेकून नुसती बसून राहायला लागली. बाबा तिच्याशी बोबडं बोलून थकले. मला वाटलं, हाच तो आजार, तिच्या आत जागा झालाय. दोन दिवसांत आम्ही तिला घेऊन पुन्हा मुंबई गाठली.

*

रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं. मॅडमचा चेहरा पहिल्यांदा गंभीर दिसला. या आजारानं असं होत नाही, त्या म्हणाल्या. मूत्रपिंडांना धोका असतो, सोनोग्राफी लगेच करायची.

"घरचं काही देता? ड जीवनसत्त्वाचे थेंब, टॉनिक, काहीही?"

"थेंब देतो, बोईसरच्या डॉक्टरांनी दिलेले. दिवसाला एकदाच," मी सांगितलं. "बाकी काही नाही."

मी खात्रीनं सांगितलं. आईला खात्री नसेल तर कुणाला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वॉर्डात आले. हातात नेहमीची पिशवी. ओवीच्या हाताला सलाईन, डोळे मिटलेले. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग पिशवीतून एक बाटली आणि चमचा काढला. बाटली मी ओळखली.

"इचं कालचं राहिलं," ते सिस्टरना म्हणाले. "आता देऊ?"

सिस्टरनी बाटली हातात घेतली, वास घेतला आणि मागे सरकल्या. "बाबा, हे काय आहे? कधीपासून देताय?"

"दोन म्हयने झाले. रोज येक चमचा. इच्या आईला गुण आला याच्यानी."

मी कॉटच्या दांड्याला धरून उभी होते. गुण आला, हे त्यांना मीच सांगितलं होतं. रोज, हसत हसत.

मॅडम आल्या. त्या बाबांवर रागावल्या नाहीत. या तेलात अ आणि ड दोन्ही जीवनसत्त्वं असतात, पण घरी कढवलेल्या बाटलीत किती, याचं माप कुणाकडेच नसतं, वर थेंब होतेच, एवढंच म्हणाल्या. बाबांनी सगळं ऐकलं. बाटली पिशवीत ठेवली, चमचाही ठेवला. ओवीकडे एकदा बघितलं आणि निघून गेले. जिन्यावरून उतरताना मला त्यांची पाठ दिसत होती.

मी त्यांना हाक मारली नाही.

*

वॉर्डातले ते नऊ दिवस. सकाळी सहाला रक्त, मग सलाईन बदलायची, मग दुपटी वजन करून वहीत लिहायची, मग दुपारचं रक्त. ओवीला पांढऱ्या कपड्यांची इतकी धास्ती बसली की पांढरी साडी नेसलेली कुणाचीतरी आजी दिसली तरी ती माझ्या मानेत तोंड खुपसायची. दर वेळी कॅल्शियमचा आकडा यायचा तेव्हा मी सिस्टरच्या भुवया बघायची. आकडा कळायच्या आधी भुवया कळायच्या.

संतोष फार चिडला होता. "मामांना आता तिच्याजवळ सोडायचं नाही," तो कँटीनमध्ये म्हणाला. बाबांना तो मामाच म्हणतो. "त्यांचा जीव आहे तिच्यावर, मला कळतं. पण पोरगी हातची गेली असती."

तिथेच मी सांगायला हवं होतं की बाबांना खोटं मी सांगितलं. चहाचा कप हातात धरून मी तशीच बसून राहिले. मला वाटलं, आत्ता त्याचा राग माझ्यावर वळला तर या वॉर्डात मला धरायला कुणीच उरणार नाही. स्वतःच्या बापाला मी नऊ दिवस दोषी राहू दिलं. हे लिहितानाही लाज वाटते.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही होत्या, त्या सांगायला हव्यात. वॉर्डातली आया ओवीच्या सलाईनच्या पट्टीवर रोज पेनानं मासा काढायची. ओवी त्या माशाला "बो" म्हणायची, बोंबील. सातव्या दिवशी तिनं अर्धी इडली खाल्ली आणि मी वॉर्डभर सांगत सुटले.

आठव्या दिवशी सोनोग्राफी पुन्हा झाली. मूत्रपिंडं स्वच्छ होती.

नवव्या दिवशी ओवीचा अहवाल आला आणि मॅडमनी तो जुना कागद मागितला. संतोषनं तो खिशातून काढला, घडीवर फाटत आलेला. मॅडमनी खालचा रिकामा गोल पेनानं भरून काळा केला.

मला वाटलं होतं मी किंचाळेन. मी फक्त विचारलं, "आता काय करायचं?"

"हिचं आत्ताच कळलंय, हे फार चांगलं झालं," त्या म्हणाल्या. फॉस्फरसचं पातळ औषध, दिवसातून पाच वेळा, न चुकता. कॅल्शियम जागेवर आलं की दुसरं एक औषध अगदी थोडं, मोजून. दर काही महिन्यांनी तपासणी. पाय सुधारायला भरपूर वाव आहे. माझं औषध सुरू झालंच होतं, हाडातली चीर भरून येत होती. पण जास्त दिलं तरी धोका, कमी दिलं तरी धोका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पाच वेळा. त्यातल्या तीन वेळा मी कोळगावला कार्यालयात असणार आणि संतोष कारखान्यात.

*

बाबा गावाला होते. फोन उचलत नव्हते. नरेश म्हणाला, जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. रविवारी मी एकटीच गेले. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती आणि बाबा तिच्या फळ्यांना तेल पाजत होते. तीच बाटली, जवळजवळ रिकामी.

"उरलेलं हिला पाजलं," ते वर न बघता म्हणाले. "कशी हाय पोर?"

"बरी हाय. इडली खाते." मग मी बोलून टाकलं. "बाबा, ते तेल मी घेतच नव्हते. चार दिवस घेतलं. मंग बेसिनात ओतायची. फरक पडला म्हणून तुमाला खोटं सांगितलं."

त्यांचा हात थांबला नाही. फडक्यानं एक फळी पूर्ण केली, मग दुसरी. मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही.

"का?" त्यांनी विचारलं.

"तुमी रोज इचारायचे. तुमाला बरं वाटावं म्हणून."

"आन मी दिलं ते तिला बरं वाटावं म्हनून." ते होडीला पाठ लावून वाळूत बसले. त्यांचे ते वाकडे पाय समोर पसरले होते. "रगत घेतलं तवाच मला समजलं होतं. माज्याकडून तुला, तुज्याकडून तिला. होडीचं काय नव्हतं ते."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि लहान मुलीसारखी रडले. त्यांनी मला उगी राहा म्हटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "आता खोटं बोलू नको. मी पन इचारल्याबिगर काय देनार नाय."

घरी येऊन मी संतोषला सगळं सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच बाबांना फोन लावला. "मामा, सोमवारपासून या. औषध तुम्हीच द्यायचंय."

*

बाबांना वाचता येत नाही, पण रेघा कळतात. सुई नसलेल्या पिचकारीवर पाचच्या रेघेला मी लाल नेलपॉलिश लावलं. पहिल्या दिवशी अकरा वाजता कार्यालयात माझा फोन वाजला.

"अकरा वाजले. पाचच्या रेगेपर्यंत भरलंय. देऊ?"

"द्या बाबा."

दोनला पुन्हा. पाचला पुन्हा. तेव्हापासून एकही दिवस त्यांनी न विचारता औषध दिलेलं नाही. साहेबांच्या बैठकीत असले तरी मी उठून बाहेर जाते. औषध खारट आणि बेचव, ओवी तोंड वाकडं करते, कधी थुंकते, कधी पोट बिघडतं. माझी भीती गेलेली नाही. प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. पाय मी अजून मोजते, पण महिन्यातून एकदाच, असं मॅडमना वचन दिलंय. तीन बोटांची दोन झाली आहेत. माझी चार तशीच आहेत, पण मी आता जिने चढते.

गेल्या महिन्यात एक दिवस अकरा वाजून गेले आणि फोन आला नाही. अकरा पाच. अकरा दहा. माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. फोन हातात घेतला तेवढ्यात तो वाजला. पलीकडे नुसता श्वास, मग मागून बाबांचा आवाज, "आदी आईला इचार."

"आई," ओवी म्हणाली. ती आता तीन वर्षांची आहे. "लाल रेगेपर्यंत हाय. घेऊ?"

हे औषध तिला जन्मभर घ्यायचंय आणि मी जन्मभर फोनच्या पलीकडे असणार नाही, हे त्या क्षणी मला स्वच्छ कळलं. खिडकीपाशी उभी राहून मी ओढणीनं डोळे पुसले.

"घे," मी म्हटलं.

गिळल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.